आत्याच्या कॅसेटचा निकाल

नवी कॅसेट घरात आली की रविवारपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असा आमच्या अण्णांचा दंडक होता. वरचा चकचकीत कागदसुद्धा फोडायचा नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. श्रीगोंद्याजवळच्या एका वाडीवर प्राथमिक शाळेत मास्तर होते, आणि घरी आले तरी त्यांची शाळा काही सुटायची नाही. कॅसेट टेपच्या शेजारी फळीवर उभी असायची आणि आम्ही जाता-येता तिच्याकडे श्रीखंडाच्या डब्याकडे बघावं तसं बघायचो. माझा थोरला भाऊ विलास वरच्या कागदातूनच गाण्यांची यादी वाचून पाठ करायचा. "अरं, गानी हायेत का परीक्षेचा धडा?" असं आई म्हणायची, पण तीही शनिवारीच हुलगे दळून आणायची, कारण कॅसेटच्या रविवारी शेंगोळे ठरलेले. हुलग्याच्या पिठाचे वळलेले शेंगोळे एकदा लसणाच्या रश्श्यात सोडले की मंद जाळावर आपापले शिजत राहतात. तेवढा वेळ बाईला बाहेर येऊन बसता येतं.

रविवारी अकराच्या सुमाराला घोंगडी अंथरली जायची. शेजारचे बाजीरावकाका यायचे. साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली होते आणि विहारात ढोलकी वाजवायचे. कमलआत्या, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, उंबऱ्यापाशी बसायची. तिचा नवरा लवकर गेला, आणि तान्ह्या प्रकाशला घेऊन ती आमच्याकडे आली ती कायमची. प्रकाश तेव्हा नगरला आयटीआयला होता. मी घरात सगळ्यात धाकटी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. कॅसेट लागली की बोलायचं नाही. आवडलं नाही म्हणून गाणं पुढं पळवायचं नाही. "माणसानं गायलेलं असतं ते," असं अण्णा म्हणायचे. एक बाजू संपली की कोरा चहा, मग दुसरी बाजू, आणि ती संपली की निकाल. निकाल धाकट्यापासून सुरू व्हायचा आणि अण्णांपाशी संपायचा. मोठं माणूस आधी बोललं की लहानाचं मत तोंडातच राहतं, असं त्यांना शाळेतल्या अनुभवानं पटलेलं होतं. दुसऱ्याचं मत खोडायचं नाही, आणि कुणाची भीड म्हणून खोटं बोलायचं नाही, हे आणखी दोन नियम होते.

आता साठीकडे झुकल्यावर वाटतं, इतक्या गंभीरपणे गाणी ऐकणारं घर मी पुन्हा पाहिलं नाही. आणि प्रत्येकाची ऐकण्याची तऱ्हा वेगळी. विलासला आवाज मोठा केल्यावर छातीत धडधडलं पाहिजे. बाजीरावकाका शब्द ऐकतच नसत. गुडघ्यावर बोटं चालवत बसायचे आणि "तोडा चांगला घेतला हाय" एवढंच म्हणायचे. अण्णांचं ध्यान शब्दांवर असायचं. वाजंत्रीनं शब्द झाकले की त्यांची भुवई वर जायची. आईचं माप सगळ्यात सोपं होतं. ती म्हणायची, "शेंगोळ्याचा तळ लागला म्हंजी क्याशेट चांगली." आणि खरंच, एका कव्वालीच्या कॅसेटनं आमचं पातेलं असं करपवलं की ते दोन दिवस राख लावून घासावं लागलं. तीच कॅसेट आमच्या घरात पहिल्या नंबरची ठरली. तिची पट्टी दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा अण्णांनी ती शेजारच्या नव्या नवरीकडून नेलपॉलिश मागून आणून चिकटवली. एक सिनेमाची कॅसेट मात्र अशी निघाली की आठातली दोनच गाणी गाणी होती, बाकी नुसतं भरताड. त्या दिवशी आई चार वेळा उठून पातेलं ढवळून आली, तेव्हाच आम्हाला निकाल कळला.

आत्या कधी निकाल द्यायची नाही. तिची पाळी आली की पदर सारखा करून म्हणायची, "मला काय कळतंय, दादा." पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना तिच्या तोंडात जे गाणं असेल ते त्या कॅसेटमधलं खरं गाणं, हे आम्ही सगळे धरून चालायचो. तिचा आवाज जाड होता, खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा. आमच्या पत्र्याच्या घरात मी रोज त्या आवाजानं जागी व्हायची. आधी खराट्याची खरखर, मग सडा टाकल्याचा आवाज, मग आत्या. कारखान्याची काजळी रात्रभर अंगणात पडलेली असायची, मळीचा आंबूस वास हवेत भरलेला, आणि त्या वासात ती गात असायची. सबंध गाणं नाही. धृपद, एखादं कडवं, मध्येच कोंबडीला हाड्, पुन्हा धृपद. मी डोळे मिटून पडून राहायची. माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या वेळा कुणी मोजायला सांगितल्या तर मी ती पाच-दहा मिनिटं आधी सांगेन.

आणि माझा निकाल? मला बोलता येत होतं, आणि बोलता येतं हे मला कळलेलं होतं, हीच पंचाईत. एका नावाजलेल्या भीमगीत गायकाची पहिली कॅसेट आम्ही झिजवून टाकली होती. दुसरी आली तेव्हा वस्तीतली सात-आठ माणसंही ऐकायला आलेली. दुसरी निघाली अगदीच कोरडी. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "पहिल्या कॅसेटीत हा गात होता. या कॅसेटीत हा गायक झालाय." बाजीरावकाकांनी गुडघ्यावर थाप मारली. अण्णा हसले, आणि अण्णांचं हसणं आमच्याकडं दिवाळीसारखं वर्षातून एकदा. ते वाक्य वस्तीभर झालं. त्यानंतर नळावर पाणी भरायला गेले तरी बाया विचारायच्या, "शोभे, ती अमकीची क्याशेट कशी हाय गं?" मी चढले. गाणं चालू असतानाच मनात वाक्य जुळवायला लागले.

त्या साली भीमजयंतीच्या कार्यक्रमात आत्या विहारापुढच्या मांडवात गायली. बाजीरावकाका ढोलकीवर. नगरहून आलेला एक कॅसेटवाला समोर बसलेला होता. कार्यक्रम संपल्यावर तो अण्णांना भेटला आणि म्हणाला, बाईंच्या आठ गाण्यांची कॅसेट काढू, पुढच्या जयंतीच्या आत बाजारात आणू. आत्या चाळीशीची होती. अंगणवाडीत मदतनीस, सकाळी खिचडी, दुपारी पोरांची शी-शू. तिच्या नावाची, तिच्या फोटोची कॅसेट निघणार हे ऐकून ती त्या दिवशी दोन वेळा चूल पेटवायची विसरली. पुण्याला रेकॉर्डिंगला जाताना तिनं आईची निळी साडी नेसली. बाजीरावकाका ढोलकी धुतल्या फडक्यात बांधून तिच्याबरोबर गेले.

परत आली तेव्हा फार बोलली नाही. मी मागं लागले तेव्हा म्हणाली, "कानाला डबे लावले गं. त्यात आधीच वाजवून ठेवलेलं वाजतंय, अन् आपुन त्याच्यामागं पळायचं." वाजंत्री दुसऱ्या एका गायिकेच्या पट्टीत आधीच भरून ठेवलेली होती, आत्याच्या पट्टीपेक्षा पुष्कळ वरची. ढोलकीही मशीनमधली. बाजीरावकाकांना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. दिवसभर ते फडकं न सोडता बसून राहिले, असं आत्यानंच सांगितलं. "पन चांगलं झालं असंल," असंही ती म्हणाली. "त्यास्नी कळतंय त्यातलं."

कॅसेट आली ती मार्चमध्ये. कव्हरवर निळ्या साडीतली आत्या, चेहरा जरा गुलाबी रंगवलेला. तिलाही रविवारपर्यंत फळीवर उभं राहावं लागलं; आत्यानंच हट्ट धरला, "सगळ्यांच्यासारखीच ऐकायची." आठवडाभर ती फळीपाशी काही ना काही काम काढायची. रविवारी घोंगडी अंथरली. आत्या उंबऱ्यापाशी न बसता आत आली आणि भिंतीला टेकून बसली. अण्णांनी कागद फोडला.

पहिल्याच गाण्याला मला कळलं. आवाज पातळ झालेला, ताणलेला, त्याच्यावर विहिरीत बोलल्यासारखा घुमारा चढवलेला. वरच्या सुराला तिला दम लागत होता आणि तिथंच मशीनची टकटक तिला पुढं ढकलत होती. पहिली बाजू अशीच गेली. चहा झाला. दुसरी बाजू लागली तेव्हा माझं वाक्य जुळायला लागलेलं होतं. खरं सांगते, दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं मी ऐकलंच नाही. मी शब्द मागं-पुढं करून बघत होते. आई या वेळात दोनदा उठून पातेलं ढवळून आली. टेपचं बटण खट्‌कन वर आलं आणि अण्णा म्हणाले, "शोभे, कर सुरुवात."

मी आत्याकडं पाहिलं. ती माझ्याकडंच बघत होती, हसू दाबून. आणि मी म्हटलं, "ही कॅसेट आत्याची नाही. आत्याचं नाव लावून दुसरंच कुणी गातंय. पट्टी तिची नाही, ढोलकी माणसाची नाही. दुसऱ्या कुणाची असती तर आपण हिची दुसरी बाजू लावलीसुद्धा नसती."

कुणी हसलं नाही. विलासनं घसा साफ केला आणि म्हणाला, "मला तर आवडली. मोठ्या आवाजात आणखी चांगली वाटेल." आई म्हणाली, "लई ग्वाड." बाजीरावकाकांची पाळी आली. ज्यांना दिवसभर बाहेर बसवलं होतं ते बाजीरावकाका जमिनीकडं बघत म्हणाले, "झ्याक झालीया. मशीनबी काय वाईट न्हाई." मग अण्णा. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "उत्तम," ते म्हणाले. "नाव ठेवायला जागाच नाही." आमच्या सगळ्या रविवारांत कुठल्याही गायकाबद्दल अण्णा असं कधी बोलले नव्हते. आत्या उठली. "चला, जेवून घ्या," म्हणाली, "शेंगोळं गार हुतील."

जेवणानंतर मोरीपाशी अण्णांनी मला गाठलं. "तुझी जीभ आहे का कातर? आपल्या माणसाचा असा निकाल लावतात?"

"तुम्हीच म्हणता, भीड धरायची नाही."

"ते बाहेरच्यांसाठी असतं," अण्णा म्हणाले आणि हात धुऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून पडून होते. खराट्याची खरखर आली. सडा टाकल्याचा आवाज आला. मग कोंबडीला हाड् म्हटलेलं ऐकू आलं, आणि मग काहीच नाही. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. त्या जयंतीला आत्या मागच्या बायांत कोरसला उभी राहिली. विचारणाऱ्याला म्हणायची, "आवाज बसलाय." नगरचा कॅसेटवाला दुसऱ्या कॅसेटसाठी घरी आला तेव्हा ती आतून बाहेर आलीच नाही, अण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. रविवारच्या बैठकाही मोडल्या. नवी कॅसेट आली की ज्याला पाहिजे तेव्हा तो लावायचा, नको ते गाणं पळवायचा. शेंगोळे व्हायचे, पण कुठल्याही वारी.

मी पुढं मराठी विषय घेऊन शिकले आणि नगरच्या एका कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. त्या रविवारनं मला एक शब्द शिकवला: छान. सहकाऱ्यांच्या कविता, मैत्रिणींच्या पोरींचं गाणं, कुणाचं व्याख्यान, कुणाचा दिवाळी अंकातला लेख, सगळं छान. लोक म्हणायचे, मॅडमचा स्वभाव किती गोड. मी मनात म्हणायची, तुम्हाला काय माहीत, मी एक गळा बंद केलाय. आज मोबाईलवर बोट ठेवलं की वाटेल ते गाणं लागतं. मी शोधून शोधून ती कव्वाली काढली, ऐकली, आणि शेवटी सवयीनं मान वर केली, तर खोलीत निकाल द्यायला कुणी नव्हतं. आत्याचा तो सकाळचा आवाज तर कुठंच मिळणार नाही. घरी टेप होता, त्याला रेकॉर्डिंगचं बटण होतं, कोऱ्या कॅसेटीही असायच्या. पण रोज अंगणात ऐकू येतं ते कोण भरून ठेवतं? तिचा म्हणून जगात जो आवाज उरलाय तो नेमका तिचा नसलेला. इतकी वर्षं झाली, अजूनही पहाटे जाग आली की मी थोडा वेळ डोळे उघडत नाही.

अण्णा गेले, आई गेली. आम्ही त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. आत्या प्रकाशकडं सुप्याला राहायला गेली. तो तिथल्या कंपनीत लागला होता. तिच्या शेवटच्या वर्षी मी एकदा दुपारची तिच्याकडं गेले. ती पलंगावर पाय सोडून मेथी निवडत होती. समोर टीव्हीवर गाण्याची स्पर्धा चालू होती आणि परीक्षक उठून उठून टाळ्या वाजवत होते. आत्या म्हणाली, "बघ, समद्यांला छानच म्हनत्यात. मंग त्या पोरीनं शिकायचं कुठून?"

मला राहवलं नाही. तीस वर्षं न बोललेलं बाहेर पडलं. मी म्हटलं, "आत्या, माझ्यामुळं तुझं गाणं सुटलं. मी तसं बोलायला नको होतं."

तिनं काडी बाजूला टाकली. "तुज्यामुळं? येडी का खुळी! तू तर खरं बोलली. मलाबी म्हाईत हुतं की ते. इष्टुडिओतच कळलं हुतं."

"मग?"

मेथीच्या दोन काड्या निवडून झाल्या. "तुज्या बापाची वाट बघत हुते मी," ती म्हणाली. "दादानं कुनाला सोडलं का गं कदी? मोठमोठ्या गायकांची पिसं काडायचा. मला वाटलं, आता माजी काडंल. शब्द कुटं खाल्ला सांगंल, पट्टी कुटं चुकली सांगंल. अन् त्यो काय म्हनला? उत्तम. नाव ठिवायला जागा न्हाई." तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला. "म्हंजी मला गानाऱ्यांत धरलंच न्हाई त्यानं. बहीन म्हनून सोडून दिलं. मंग मी म्हनलं, कशाला गायचं."

मी जवळ सरकून मेथी निवडायला लागले. थोड्या वेळानं आत्याच म्हणाली, "पन एक गानं चांगलं झाल्तं त्यात. दुसऱ्या बाजूचं पयलं. ते तू ऐकलंच न्हाईस. तुजं ध्यान न्हवतं. मी बघत हुते."

"आता म्हण," मी म्हटलं.

"आता कुटं? दात न्हाईत."

पण तिनं भाजीची पाटी मांडीवरून खाली ठेवली आणि पदर सारखा केला. गाणं खालच्या पट्टीत धरलं, तिच्या स्वतःच्या. आवाज थरथरत होता, मध्ये हवा जात होती, पण त्या हवेच्या खाली तोच जाड, घोगरा गळा होता. मी डोळे मिटले नाहीत. तिच्या तोंडाकडं बघत राहिले. धृपद झालं, एक कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात वरचा सूर आला आणि तो तिला लागला नाही. तिनं तसंच पुढं ओढून गाणं संपवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

छान हा शब्द माझ्या जिभेवर आलेला होता. तीस वर्षांची सवय ती. मी तो गिळला.

"दुसऱ्या कडव्यात वरचा सूर लागला नाही, आत्या," मी म्हटलं. "आणि तिथून पुढं तू घाई केलीस."

तिचं सगळं तोंड हसलं. "व्हय ना?" ती म्हणाली. "मलाबी तितंच वाटलं." तिनं पाण्याचा तांब्या उचलला, एक घोट घेतला आणि पाठ ताठ करून बसली. "थांब. परत घेते."